परसातल्या झाडाच्या फळ्या: पहिल्या ओंडक्यापासून रंध्यापर्यंत

वाऱ्यात झाड उन्मळून पडतं, किंवा भिंतीला धोका म्हणून पाडावं लागतं, आणि दुपारपर्यंत बुंध्याचे फूट-दीड फुटांचे तुकडे होऊन सरपणाचा ढीग लागतो. त्या ढिगात एखादं टेबल, दोन-तीन स्टुलं आणि पुस्तकांचं एक मांडणीवजा कपाट सहज असतं. ते जळून जाताना बघणं मला मनापासून खुपतं. ज्यांच्या आवारात झाड आहे, हाताला थोडं सुतारकाम येतं, पण ओंडक्यापासून फळी कधी काढलेली नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

कापणं हा या कामाचा सगळ्यात लहान भाग आहे. करवत एक-दोन दिवसांत उरकते. लाकूड हाती लागतं की हातचं जातं, हे ठरतं कापण्याआधी ओंडक्याची निगा कशी राखली आणि कापल्यावर फळ्या कशा वाळवल्या यावर. दोन्हीकडे प्रश्न एकच असतो: लाकडातलं पाणी किती सावकाश आणि किती सारखेपणाने बाहेर काढता येईल?

लाकडातलं पाणी

लाकूडकामात ओलावा मोजताना पाण्याचं वजन पूर्ण कोरड्या लाकडाच्या वजनाशी ताडून बघतात. १०० ग्रॅम कोरड्या लाकडात ८० ग्रॅम पाणी असेल तर ओलावा ८० टक्के. काही हलक्या जातींच्या ताज्या लाकडात हा आकडा १०० च्या वर जातो. ती मोजणीची चूक नव्हे, तिथे पाणी खरोखरच लाकडापेक्षा जड असतं.

हे पाणी दोन ठिकाणी असतं. काही पेशींच्या पोकळीत मोकळं भरलेलं, काही पेशींच्या भिंतींत मुरलेलं. आधी मोकळं पाणी निघून जातं. वजन झपाट्याने उतरतं, पण फळीचं माप तसंच राहतं. ओलावा २८ ते ३० टक्क्यांवर आला की भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि तिथून लाकूड आक्रसतं. तेही सगळ्या दिशांनी सारखं नाही. लांबीत आक्रसणं जवळजवळ शून्य. केंद्रापासून सालीच्या दिशेने साधारण ३ ते ५ टक्के. वाढीच्या वलयांच्या कडेने मात्र ६ ते १० टक्के, म्हणजे ढोबळमानाने दुप्पट. ओंडक्याला केंद्राकडे जाणाऱ्या भेगा का पडतात, फळी वाटीसारखी का होते, टेबलाचा माथा मोसमानुसार रुंद-अरुंद का होतो, या तिन्हींचं मूळ याच दुपटीच्या फरकात आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे पाणी सर्वांत वेगाने कापलेल्या टोकांतून जातं. झाडाच्या नळ्या उभ्या असतात, त्यामुळे बाजूच्या पृष्ठभागापेक्षा टोकांतून ते दहा-पंधरा पट वेगाने उडून जातं. टोक वाळून आक्रसायला लागतं, मागचं लाकूड अजून ओलं आणि फुगलेलंच असतं, आणि टोक तडकतं.

झाड पाडताना

झाड स्वतः पाडू नका. हे मी नव्या माणसाला सांगतो तसंच दहा वर्षं करवत चालवलेल्यालाही सांगतो. घराजवळचं झाड, विजेच्या तारा, वाऱ्याने अर्धवट कलंडलेलं खोड, या सगळ्यांत ताण कुठे अडकून बसला आहे हे वरून दिसत नाही. मुळासकट पडलेल्या झाडाचा बुंधा कापला की मुळांचा गड्डा अचानक परत उभा राहू शकतो. हे काम रोज करणाऱ्यांना द्या. झाड तुमच्याच जागेत असलं तरी तोडायला परवानगी लागत असेल तर ती आधी हातात घ्या.

पाडणाऱ्यांना मात्र कामाला सुरुवात करण्याआधीच सांगा की बुंध्याचे लहान तुकडे करायचे नाहीत. ते सवयीने उचलता येतील एवढे तुकडे करतात, आणि एकदा तुकडे झाले की काही उपाय उरत नाही. मला लागते ती लांबी मी खडूने खोडावर आधीच लिहून ठेवतो. फर्निचरसाठी सव्वा ते अडीच मीटर पुरे. दोन्ही टोकांना १५ सेंमी जास्त ठेवायला सांगा, कारण एवढं टोकाकडचं लाकूड तडकून जाणार असं धरूनच चालायचं. दोन मोठ्या फांद्या जिथे फुटतात ती बेचकी फेकू नका. तिथल्या रेषा पिसाऱ्यासारख्या उलगडतात आणि लहान पेटीच्या झाकणाला त्या फार शोभतात.

फांद्या मोठ्या असल्या तरी फळ्यांच्या कामाच्या नसतात. आडव्या वाढलेल्या फांदीत आणि कललेल्या खोडात झाड स्वतःला सावरायला वेगळ्या बांधणीचं ताणलेलं लाकूड तयार करतं. ते लांबीतही आक्रसतं आणि फळी कापता कापताच वाकते. फांद्यांचं सरपण करायला माझी हरकत नाही.

पहिल्याच दिवशी टोकं रंगवा

ओंडका जमिनीवर आला की त्याच दिवशी दोन्ही टोकांना जाड थर द्या. घरात उरलेला ऑइल पेंट, भिंतीचा प्लास्टिक रंग किंवा वितळवलेलं मेण, काहीही चालेल, पण रंग असेल तर दोन-तीन हात द्या. फांद्या छाटलेल्या जागाही सोडू नका.

मी एकदा फणसाचा सुंदर ओंडका पत्र्याखाली ठेवला आणि रंग पुढच्या आठवड्यात लावू म्हणालो. तो आठवडा महिनाभर लांबला. टोकाच्या भेगांत माझी बोटं जात होती, आणि दोन मीटरच्या ओंडक्यातून कामाची लांबी सव्वा मीटरच उरली. त्यानंतर झाड पाडायला माणसं येतात तेव्हा रंगाचा डबा मी आधीच उघडून ठेवतो.

ओंडका मातीवर टेकू देऊ नका. खाली दोन आडवे दांडके घाला, सावलीत ठेवा. उष्ण हवेत आंब्यासारखं फिकं लाकूड काही आठवड्यांतच बुरशीने निळसर-करडं पडतं आणि सालीखाली किडे अंडी घालतात. म्हणून फिक्या रंगाचे ओंडके जितक्या लवकर कापता येतील तितकं बरं. सागासारखं गडद, पक्कं लाकूड जास्त काळ तग धरतं, तरी त्याच्याही सालीलगतच्या कच्च्या भागाला कीड लागतेच.

खिळे शोधा

जंगलातल्या झाडात आणि परसातल्या झाडात हा मोठा फरक. परसातल्या झाडाला कोणीतरी कधीतरी वाळत घालायच्या दोरीचा हूक ठोकलेला असतो, कुंपणाची तार गुंडाळलेली असते, पाटी लावलेली असते. झाड दर वर्षी त्यावर नवा थर चढवतं आणि वीस वर्षांनी बाहेर काहीच दिसत नाही. करवतीच्या पात्याला मात्र ते पहिल्या मिनिटात सापडतं. लाकूड कापून देणारे पुष्कळ जण परसातलं झाड घ्यायला नाखूश असतात ते यामुळेच.

जमिनीपासून माणसाच्या उंचीपर्यंतचा भाग सर्वांत संशयास्पद. हातात धरायचा साधा मेटल डिटेक्टर सगळ्या बाजूंनी फिरवा. टोकाच्या कापावर निळा-काळा ओघळ दिसला तर त्या रेषेत आत लोखंड आहे असं समजा, कारण लोखंड आणि लाकडातलं टॅनिन हे तुरट द्रव्य एकत्र आलं की असा डाग पडतो. खिळा सापडला तर पटाशीने भोवती उकरून काढा. तार खोलवर गेली असेल तर तेवढा तुकडा सोडून द्या.

किती लाकूड निघेल?

लाकडाच्या व्यवहारात गोल ओंडका मोजायची जुनी पद्धत सोपी आहे. मध्यावरचा घेर इंचांत घ्या, त्याला चारने भागा, आलेल्या आकड्याचा वर्ग करा, फुटांतल्या लांबीने गुणा आणि १४४ ने भागा. उत्तर घनफुटांत येतं. घेर ४८ इंच आणि लांबी ६ फूट असेल तर १२ गुणिले १२ गुणिले ६ भागिले १४४, म्हणजे ६ घनफूट. ओंडक्याचं खरं घनफळ यापेक्षा जास्त, सुमारे ७.६ घनफूट असतं. ही पद्धत जवळपास २१ टक्के आधीच वजा करते. बाहेरच्या गोल पाठींचं नुकसान त्यात धरलं जातं.

वजनाचाही अंदाज घ्या. ओलं लाकूड घनफुटाला साधारण २५ ते ३० किलो भरतं, म्हणजे हाच ओंडका दोनशे किलोंच्या आसपास. तो चार माणसांनी उचलण्यापेक्षा पहार आणि खालचे गोल दांडके यांनी सरकवणं शहाणपणाचं. ओंडका घरंगळत असेल तर उताराच्या बाजूला कधीही उभे राहू नका.

ओंडका वाचा, मग करवत लावा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवावा असं मला वाटतं.

आधी टोकाकडे बघा. मध्यभागी भेंड असतो, पेन्सिलीएवढं मऊ केंद्र. त्याच्या भोवतीचं काही सेंटिमीटर लाकूड झाड कोवळं असतानाचं असतं आणि ते हमखास तडकतं. कोणत्याही चांगल्या फळीत भेंड राहता कामा नये. भेंड एका बाजूला सरकलेला दिसला तर झाड कललेलं होतं आणि आत ताण आहे, हे ध्यानात ठेवा.

मग भेग बघा. बहुतेक ओंडक्यांच्या टोकाला केंद्रातून जाणारी एखादी ठळक भेग असतेच. पहिला काप त्या भेगेला समांतर घ्या, म्हणजे ती एका फळीत राहते आणि तेवढीच फळी वाया जाते. भेगेला आडवा काप घेतला तर ती प्रत्येक फळीच्या मधोमध उतरते.

त्यानंतर साल बघा. सालीच्या चिरा सरळ वर जात असतील तर आतल्या रेषाही बहुधा सरळ. त्या मळसूत्रासारख्या फिरत असतील तर फळ्या वाळताना पिळवटतील. अशा ओंडक्याचे आखूड तुकडे करून लहान कामाला वापरा. बाक असलेल्या ओंडक्यालाही हाच नियम. अडीच मीटरच्या एका वाकड्या ओंडक्यापेक्षा सव्वा मीटरचे दोन बऱ्यापैकी सरळ ओंडके जास्त लाकूड देतात.

शेवटी निमुळतेपणा. बुंध्याकडे ओंडका जाड, वर बारीक. त्यामुळे बारीक टोकाखाली पाचर घालून ओंडका असा बसवा की दोन्ही टोकांना भेंड पहिल्या कापाच्या पातळीपासून सारख्याच अंतरावर राहील. फळ्यांत रेषा सरळ धावतात आणि फळी वाळताना कमी वाकते.

कशाने कापायचं?

पहिल्याच वेळी मोठी यंत्रं जमवू नका. हाताशी असलेला ओंडका १५ ते २० सेंमी जाड आणि हातभर लांब असेल तर तो लोखंडी पाचरी आणि घणाने भेंडातून दोन भागांत फोडता येतो. असं फोडलेलं लाकूड स्वतःच्या रेषेनेच तुटतं, त्यामुळे खुर्चीचे पाय आणि हत्यारांचे दांडे त्यापासून फार मजबूत होतात. कार्यशाळेत बँडसॉ, म्हणजे पट्ट्यासारखं फिरतं पातं असलेली करवत, असेल तर फोडलेल्या अर्ध्या भागाची सपाट बाजू खाली ठेवून पातळ फळ्या काढता येतात. गोल ओंडका मात्र बँडसॉवर तसाच ढकलू नका. तो पात्याखाली गरकन फिरतो आणि हात ओढून नेतो. एका फळीला स्क्रूने पक्का बसवूनच तो सरकवा.

मध्यम आणि मोठ्या ओंडक्यांसाठी चेनसॉला जोडायची चौकट मिळते, तिला अलास्कन मिल म्हणतात. ही चौकट करवतीच्या पट्टीला (जिच्यावरून साखळी फिरते तिला) बांधतात आणि ती ओंडक्यावरून सरकत ठरलेल्या जाडीची फळी काढते. तिच्यासाठी ६० ते ९० सीसीचं इंजिन लागतं. घरगुती लहान चेनसॉ या कामाला लावला तर इंजिन तापून बसतं. साखळी उभ्या कापाची, म्हणजे लाकडाच्या रेषांच्या दिशेने कापणारी, हवी. नेहमीच्या साखळीच्या दातांची धार ३० अंशांच्या आसपास तिरकी असते, उभ्या कापासाठी ती सुमारे १० अंशांची करतात. पट्टी ओंडक्याच्या रुंदीपेक्षा १५ सेंमी तरी लांब घ्या, चौकटीच्या पकडी तेवढी जागा खातात.

तिसरा मार्ग म्हणजे ओंडका आरा मशीनवर नेणं किंवा फिरतं बँडसॉ यंत्र दारात बोलावणं. एकापेक्षा जास्त मोठे ओंडके असतील तर मी हाच मार्ग निवडतो, आणि कारण भुशात आहे. चेनसॉचा प्रत्येक काप ८ ते १० मिमी लाकडाचा भुसा करतो, बँडसॉचा २ ते ३ मिमी. दहा काप घेतले की चेनसॉने ८० मिमीहून अधिक लाकूड गेलं, म्हणजे जवळपास तीन फळ्या.

चेनसॉ वापरणारच असाल तर हेल्मेट, कानांचं आणि डोळ्यांचं संरक्षण, साखळी अडवणारं पायांचं आवरण आणि जाड बूट याशिवाय दोरी ओढू नका. पट्टीच्या नाकाचा वरचा कोपरा कशालाही टेकला की करवत क्षणात तोंडाकडे उसळते. आणि मास्क लावा. लाकडाची धूळ माणसात कर्करोग घडवते असं वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये केलेलं आहे. आंब्याचा चीक आणि भुसा काहींच्या अंगावर उठतो, म्हणून बाह्या लांब ठेवा.

काप कसे घ्यायचे?

चौकटीने पहिला काप घ्यायचा तर आधार म्हणून ओंडक्यावर सरळ शिडी किंवा दोन सरळ चौकोनी दांडे पातळीत स्क्रूने बसवावे लागतात. इथे घाई करू नका. पहिल्या कापात पीळ राहिला तर पुढच्या प्रत्येक फळीत तोच उतरतो. स्क्रू करवतीच्या वाटेत येणार नाहीत हे दोनदा मोजा. ओंडक्याचं एक टोक किंचित वर ठेवलं तर करवत उताराने स्वतःच्या वजनाने सरकते आणि पाठ वाचते. काप हातभर पुढे गेला की मागे पातळ लाकडी पाचरी ठोकत चला, नाहीतर वरची फळी बसते आणि पट्टी अडकते.

नव्या माणसाने वरपासून खालपर्यंत एकामागून एक समांतर काप घ्यावेत. याहून किचकट पद्धती आहेत, पण या साध्या पद्धतीतही मधल्या दोन-तीन फळ्यांत वलयं फळीच्या पाठीला उभी येतात. त्या सर्वांत कमी आक्रसतात आणि सपाट राहतात. त्यांच्या मधोमध भेंड असतो, तेवढी पट्टी कापून टाकली की दोन अरुंद पण उत्तम फळ्या मिळतात. टेबलाचे पाय आणि कपाटाच्या चौकटी मी याच फळ्यांतून काढतो. बाहेरच्या बाजूच्या फळ्यांत वलयं आडवी असतात. नक्षी सुरेख दिसते, पण वाळताना त्या वाटीसारख्या होतात. वाटीची पोकळ बाजू नेहमी सालीकडे असते, जणू वलयं सरळ व्हायला बघतात.

जाडी नेहमी जास्त धरा. रंधून झाल्यावर २५ मिमीची फळी हवी असेल तर ओली फळी ३० मिमीची कापा, ५० मिमीसाठी ५८ ते ६०. मधले ५ ते १० मिमी आक्रसणं, वाकणं आणि रंधा यांत जातात. रुंदीचा हिशेब असा: आडव्या वलयांच्या फळीत ओलाव्याच्या दर टक्क्याला साधारण पाव टक्का रुंदी कमी होते. ३०० मिमी रुंदीची फळी ३० टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आली की सुमारे १३ मिमी अरुंद होते.

निलगिरीचा ओंडका असेल तर मनाची तयारी ठेवा. त्यात वाढीचा ताण एवढा असतो की काप पुढे जाताच फळी धनुष्यासारखी वर उचलली जाते. नारळाचं खोड तर वेगळीच गोष्ट आहे. त्यात वलयं नाहीत, कठीण लाकूड बाहेरच्या कड्यात आणि आत मऊ भुसभुशीत गर. फक्त बाहेरचा भाग घ्यायचा, आणि तो धार फार लवकर खातो.

प्रत्येक फळीच्या टोकावर खडूने झाडाचं नाव, ओंडक्यातला क्रमांक आणि तारीख लिहा. लागोपाठच्या दोन फळ्या पुस्तकाच्या पानांसारख्या उघडून शेजारी जोडता येतात, पण वर्षभराने कोणती कोणाची शेजारीण होती ते आठवत नाही.

थप्पी

फळ्या कापल्या त्याच दिवशी थप्पी लावा, एक रात्रही एकावर एक सपाट ठेवू नका. कापताना नवी टोकं उघडी पडली असतील तर तीही रंगवा. साल काढून टाका, किडे तिच्याखालीच राहतात. साल कडेला ठेवूनच सुंदर दिसेल असं वाटत असेल तरी ती वाळल्यावर बहुधा सुटून पडते.

थप्पीची जागा सावलीची आणि हवा खेळती असलेली हवी. जमिनीपासून ३० ते ४५ सेंमी उंच, अगदी पातळीत पाया घ्या. पाया वाकडा असेल तर फळ्या तोच वाकडेपणा घेऊन वाळतात. प्रत्येक दोन थरांमध्ये २० ते २५ मिमी जाडीच्या चौकोनी पट्ट्या दर ४० ते ६० सेंमीवर ठेवा, आणि वरची पट्टी खालच्या पट्टीच्या बरोबर ओळंब्यात येऊ द्या, म्हणजे वजन सरळ पायात उतरतं. पट्टी बाजूला सरकली की फळी तिथे वाकते. शेवटची पट्टी फळीच्या अगदी टोकाजवळ हवी.

पट्ट्या कोरड्याच वापरा. मी एकदा घाईत त्याच आंब्याच्या ओल्या चिपा वापरल्या. चार महिन्यांनी फळ्या काढल्या तेव्हा प्रत्येकीवर दर हातावर एक निळसर पट्टा उमटला होता, आणि रंध्याखाली दोन मिमी काढूनही तो गेला नाही.

वर जड वजन ठेवा, दगड किंवा विटा, चौरस मीटरला शंभर-दोनशे किलो असलं तरी जास्त नाही. त्यावर पत्रा बाहेर झुकता ठेवा, म्हणजे पाऊस आणि ऊन दोन्ही लागत नाहीत. प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी गुंडाळू नका, आत वाफ कोंडून बुरशी येते.

पहिले काही आठवडे नाजूक असतात. गरम कोरडा वारा थेट लागत असेल तर बाहेरचा थर वाळून ताठ होतो, आतलं लाकूड ओलंच राहतं, आणि पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात किंवा आत न दिसणाऱ्या पोकळ भेगा होतात. अशा दिवसांत वाऱ्याच्या बाजूला गोणपाट टांगा. हवा दमट आणि स्थिर असेल तर उलट पंखा लावावा लागतो.

लाकूड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांना पिष्ट (स्टार्च) असलेलं फिकं कच्चं लाकूड आवडतं, त्यात आंबा आला. फळ्या ओल्या असतानाच बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड दीडास एक या प्रमाणात कोमट पाण्यात विरघळवून, पाच ते दहा टक्क्यांचं द्रावण सगळ्या बाजूंनी भरपूर लावा किंवा फळी त्यात बुडवून ठेवा. ओल्या लाकडात ते आत झिरपत जातं. हातमोजे घाला, मुलं आणि जनावरं दूर ठेवा. पाण्याने ते धुऊन जातं, त्यामुळे फक्त घरातल्या वस्तूंसाठी, आणि अन्न ज्यावर थेट ठेवायचं अशा पाटाला किंवा वाडग्याला अजिबात नको. फळीवर टाचणीएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला तर ती फळी लगेच थप्पीतून वेगळी करा.

कधी वाळलं म्हणायचं?

जुना ठोकताळा असा की जाडीच्या दर इंचाला एक वर्ष. उष्ण हवेत हलकं लाकूड याहून लवकर वाळतं, जड आणि जाड फळ्यांना जास्त लागतं. दोन इंचांची फळी एक इंचाच्या दुप्पट नव्हे, त्याहून अधिक वेळ घेते. म्हणून पहिल्या वेळी जाड फळ्यांचा मोह टाळा असंच मी म्हणेन.

अंदाजापेक्षा वजन खरं बोलतं. कापल्याच दिवशी एका फळीच्या टोकापासून ३० सेंमी आतून बोटभर रुंदीचा तुकडा काढा आणि लगेच तोला, समजा १७० ग्रॅम. तो ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा आणि वजन उतरायचं थांबेपर्यंत दर काही तासांनी तोला. १०० ग्रॅमवर स्थिरावला तर ओलावा ७० टक्के होता. आता उरलेली फळी तोला. ती ८.५ किलो भरली तर तिच्यात कोरडं लाकूड ५ किलो आहे. तिचं नवं टोक रंगवून ती थप्पीत सहज ओढून काढता येईल अशा जागी ठेवा आणि महिन्याला एकदा वजन करून लिहा. ती ५.६ किलोवर आली की ओलावा १२ टक्के. पिनांचा ओलावामापक असेल तर तो ताज्या कापलेल्या आतल्या भागात टोचा, बाहेरच्या कातडीवरचा आकडा फसवतो.

बाहेरच्या थप्पीत लाकूड भोवतालच्या हवेएवढंच कोरडं होतं, त्यापलीकडे नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्के असेल तर लाकूड १२ टक्क्यांच्या जवळ थांबतं, ३० टक्के असेल तर सहाच्या. म्हणून वजन उतरायचं थांबलं की फळ्या ज्या घरात वापरायच्या तिथे, तशाच पट्ट्या घालून, महिना-दोन महिने ठेवा.

रंध्याखाली

कामाला घेताना आधी फळीचे कामाच्या मापापेक्षा थोडे मोठे तुकडे करा. दोन मीटरच्या फळीतला बाक साठ सेंमीच्या तुकड्यात जवळजवळ नाहीसा होतो आणि रंध्याला कमी काढावं लागतं. दोन्ही बाजूंनी सारखंच काढा. एकाच बाजूने ४ मिमी काढले तर आतला ओलावा एका अंगाने उघडा पडून फळी रात्रीत वाकते. मी पहिल्या दिवशी मापापेक्षा २ मिमी जाड ठेवून थांबतो, तुकडे भिंतीशी कडेवर उभे करतो, आठवड्याने पुन्हा सरळ करून मगच शेवटच्या मापाला आणतो.

आणि जोडताना लाकूड पुढेही हलणार हे धरा. ६० सेंमी रुंदीच्या टेबलाच्या माथ्याचा ओलावा वर्षात १० आणि १४ टक्क्यांमध्ये फिरला तर तो सुमारे ६ मिमी रुंद-अरुंद होतो. माथा खालच्या चौकटीला डिंकाने चिकटवू नका. मधल्या ओळीतले स्क्रू घट्ट बसवा, कडेच्या स्क्रूंना रेषांच्या आडव्या दिशेने लांबट भोकं पाडा, आणि प्रत्येक भोकात स्क्रूच्या दोन्ही अंगांना ३ मिमी जागा मोकळी सोडा.